तीर्थोपाध्यायांची वही आणि ऑर्किडची वंशावळ: संदर्भ सॉफ्टवेअर निवडावे तरी कसे?

बडोद्यात थंडी पडू लागली की फुलझाडांची प्रदर्शने भरतात, आणि अलीकडे गुलाब-शेवंतीच्या रांगांशेजारी ऑर्किडचा एखादा कोपरा तिथे हमखास असतो. अशाच एका कोपऱ्यात दोन टोपल्या शेजारी-शेजारी टांगलेल्या होत्या. दोन्हींची फुले हुबेहूब सारखी, नारिंगी रंगाची, दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी. एका पट्टीवर नावाचा पहिला शब्द ‘अ‍ॅस्कोसेंडा’ होता, दुसरीवर ‘व्हँडा’. पुढचा शब्द मात्र दोन्हींवर एकच. आपलेच नाव बरोबर असे दोन्ही मालक ठासून सांगत होते, आणि गंमत म्हणजे दोघांचेही खरे होते. परीक्षकांनी लॅपटॉप उघडला, काही अक्षरे टंकली, मान डोलावली आणि ते पुढच्या टोपलीकडे वळले. शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी मला विचारले, “अहो, त्यांनी त्यात पाहिले तरी काय?”

त्यांनी पाहिले ते ऑर्किडचे संदर्भ सॉफ्टवेअर. नावे, वंशावळी, बक्षिसांच्या नोंदी आणि छायाचित्रे एकत्र ठेवणारा हा एक मोठा शोधसंग्रह असतो. घरी चार-दोन ऑर्किड लावणाऱ्यांना हल्ली त्याच्या जाहिराती दिसतात, ‘घ्यावे का?’ असा प्रश्न पडतो, आणि किंमत पाहून तो प्रश्न तसाच राहतो. त्याचे उत्तर देण्याआधी ऑर्किडच्या नावाची घडण समजून घ्यावी लागते, कारण सॉफ्टवेअरचा सगळा व्यवहार नावांभोवतीच चालतो.

## आडनाव आणि पाळण्यातले नाव

ऑर्किडच्या कुळात सुमारे २८,००० नैसर्गिक जाती आहेत. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत आपल्या देशातील १,२५६ जातींची नोंद आहे. डांगच्या जंगलात झाडांच्या खोडांवर वाढणारी रास्ना, म्हणजे ‘व्हँडा टेसेलाटा’, ही त्यांतलीच एक. ‘व्हँडा’ हे जगभर चालणारे नावही मूळ संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरून घेतलेले आहे, हे इंग्रजी पट्ट्या वाचून दबकणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

नैसर्गिक जातींची नावे त्या मानाने सरळ असतात: पहिला शब्द प्रजातीचा (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा), दुसरा जातीचा. घोळ सुरू होतो तो संकरांपासून. दोन ऑर्किडांचा संकर केला की एका शेंगेत धुळीसारखे बारीक असे हजारो बी तयार होते. या बियांपासून उगवलेल्या सगळ्या रोपांना मिळून एकच नाव दिले जाते आणि त्या नावाला ‘ग्रेक्स’ म्हणतात. त्याच आई-बापांचा संकर दुसऱ्या कोणी, दुसऱ्या देशात, पन्नास वर्षांनी केला, किंवा आईच्या जागी बाप आणि बापाच्या जागी आई घेतली, तरी नाव तेच राहते. म्हणजे ग्रेक्स हे भावंडांचे सामाईक आडनाव झाले. त्या भावंडांपैकी एखादे झाड विशेष सुंदर निघाले, तर त्या एकाच झाडाला वेगळे नाव देतात आणि ते एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. हे पाळण्यातले नाव. त्या झाडाच्या फुटव्यांना आणि प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने केलेल्या प्रतींनाही तेच नाव लागू होते, जसे केसर आंब्याच्या प्रत्येक कलमाला ‘केसर’ म्हणतात आणि कोयीतून उगवलेल्या रायवळाला म्हणत नाहीत.

खंडेराव मार्केटमध्ये पुष्पगुच्छांसाठी मिळणारी जांभळी-पांढरी डेंड्रोबियमची फुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. फूलवाले त्यांना ‘सोनिया’ म्हणतात. सोनिया हा ग्रेक्स आहे. रोपवाटिकांच्या यादीत ‘सोनिया १७’ किंवा ‘सोनिया २८’ असे लिहिलेले दिसते, तेव्हा तो आकडा त्या ग्रेक्समधले एक विशिष्ट झाड दाखवतो.

हा फरक मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून ‘व्हँडा रोथशिल्डियाना’ची दोन लहान रोपे टपालाने मागवली. जाहिरातीत गडद निळे, जाळीदार, हाताच्या तळव्याएवढे फूल होते. अडीच वर्षे पाणी घातल्यावर पहिले फूल आले ते फिक्कट गुलाबी. पट्टी चुकीची होती असे म्हणावे, तर तसेही नव्हते. रोपे त्याच ग्रेक्सची असू शकत होती. जाहिरातीतले छायाचित्र मात्र त्यांच्या एखाद्या नामवंत भावाचे होते, आणि पट्टीवर पाळण्यातले नाव नव्हते. ते नाही याचा अर्थ काय, हे मला तेव्हा कळत नव्हते.

## या नावांची वही ठेवतो कोण?

माणसाने हाताने परागण करून फुलवलेला पहिला ऑर्किड संकर म्हणजे ‘कॅलँथे डोमिनी’. इंग्लंडमधील एक्सेटर येथील व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डोमिनी या माळ्याने तो केला आणि १८५६ मध्ये त्याला फूल आले. पुढच्या पन्नास वर्षांत संकरांचे पेव फुटले आणि एकाच संकराला चार रोपवाटिका चार नावे देऊ लागल्या. सेंट अल्बन्स येथील फ्रेडरिक सँडर या ऑर्किड व्यापाऱ्याने १९०६ मध्ये संकरांची आई-बापांसह यादी छापून या गोंधळाला लगाम घातला. १ जानेवारी १९६१ पासून हे काम ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आले आणि आजही जगातला कोणताही नवा ऑर्किड संकर अधिकृतपणे तिथेच नोंदवावा लागतो. त्या नोंदवहीत आज एक लाखाहून अधिक ग्रेक्स आहेत.

आपल्याकडे ही व्यवस्था समजायला अवघड जाऊ नये. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वराला गेलेल्या कुटुंबाला तीर्थोपाध्याय आडनाव आणि मूळ गाव विचारतात, वही उघडतात आणि पणजोबांच्या हातची सही दाखवतात. ऑर्किडची नोंदवही ही तशीच नामावळी आहे. त्या वहीतली माहिती, तिच्यावर चढवलेले शोधण्याचे यंत्र, आणि जोडीला बक्षिसांच्या नोंदी व छायाचित्रे, एवढे मिळून संदर्भ सॉफ्टवेअर तयार होते. कोणताही सॉफ्टवेअरवाला स्वतः नावे ठरवत नाही. म्हणून ‘आमच्याकडे इतके लाख संकर’ या जाहिरातीने फारसे भारून जाण्याचे कारण नाही. मूळ वही सगळ्यांची एकच आहे.

## गाव तेच, पाटी बदलली

गायकवाडांच्या मागोमाग देशावरून आणि कोकणातून इथे आलेल्या काही घरांनी आडनावे बदलली. अशा घरातला कोणी नाशिकला गेला आणि फक्त नवे आडनाव सांगितले, तर वहीत पान सापडत नाही. जुने आडनाव माहीत असलेला उपाध्याय भेटला तरच काम होते. ऑर्किडच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा नेमकी इथे होते, कारण ऑर्किडची नावे सारखी बदलत आली आहेत.

ती का बदलतात? पूर्वी फुलाची ठेवण पाहून प्रजाती ठरत. गेल्या तीसेक वर्षांत डीएनए तपासून नातीगोती ठरू लागली आणि दिसायला वेगळी असलेली कित्येक झाडे जवळची नातेवाईक निघाली. लहान, भडक रंगाच्या फुलांची ‘अ‍ॅस्कोसेंट्रम’ ही प्रजाती २०१२ च्या सुमारास व्हँडात विलीन झाली. त्यामुळे या दोघांच्या संकरासाठी केलेले ‘अ‍ॅस्कोसेंडा’ हे नाव मोडीत निघून ते सगळे संकरही व्हँडाच झाले. प्रदर्शनातल्या त्या दोन टोपल्यांचे कोडे एवढेच होते. ब्राझीलमधील ‘लेलिया’ ऑर्किड तर दोनदा हलल्या: २००० मध्ये त्यांना ‘सोफ्रोनायटिस’ या प्रजातीत नेले आणि २००८ मध्ये सोफ्रोनायटिसच कॅटलियात गेली. याच्या उलट प्रकारही घडतो. ‘ब्रासाव्होला डिग्बियाना’ ही झालरीच्या ओठाची जाती वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१८ मध्येच ‘रिंकोलेलिया’ म्हणून वेगळी काढली होती. संकरांच्या नोंदवहीत मात्र ती पुढे अनेक दशके ब्रासाव्होलाच राहिली. म्हणून जुन्या कॅटलिया संकरांच्या पट्टीवर ‘बीएलसी’ (ब्रासोलेलियोकॅटलिया) दिसते आणि नव्यांवर ‘आरएलसी’ (रिंकोलेलियोकॅटलिया), झाड तेच असले तरी.

बडोदेकरांना यात नवल वाटू नये. १९७४ मध्ये शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले, आपण मराठीत बडोदेच म्हणतो, बँकेच्या पाटीवर बडोदा राहिले, आणि रेल्वे स्थानकाची सांकेतिक अक्षरे आजही बीआरसी आहेत. सयाजीबागेला कमाटीबाग म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला कोणी चुकीचा म्हणत नाही. सिंगापूरचेही असेच झाले. तिथल्या ‘व्हँडा मिस जोआकिम’ला १९८१ मध्ये राष्ट्रीय फुलाचा मान मिळाला, शास्त्रीय दृष्टीने ते आता ‘पॅपिलिओनँथे मिस जोआकिम’ आहे, पण लोकांच्या तोंडी व्हँडाच आहे.

चांगले सॉफ्टवेअर स्थानकाच्या त्या तीन अक्षरांसारखे वागते. तुम्ही जुने नाव द्या की नवे, ते तुम्हाला एकाच झाडापाशी आणून सोडते आणि वाटेत कोणते नाव केव्हापासून चालते तेही सांगते. वाईट सॉफ्टवेअर ‘नोंद सापडली नाही’ म्हणून हात वर करते.

यात एक बारकावा आहे आणि तो परीक्षकांना फार छळतो. पूर्वी पट्टीवर ‘अ‍ॅस्कोसेंडा’ वाचले की फूल लहान असणार हे समजत असे. आता सगळेच व्हँडा. दोन इंचांचे फूल या घराण्यात मोठे की किरकोळ, हे आजी-आजोबांमध्ये अ‍ॅस्कोसेंट्रम किती होते ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय दोन प्रजाती एकत्र आल्या की दोन वेगळ्या संकरांचे दुसरे नाव एकसारखे निघण्याचा धोका असतो. मग कोणते झाड कोणते, हे आई-बापांवरून आणि नोंदणीच्या वर्षावरून ठरवावे लागते. नावे सुटसुटीत झाली आणि वंशावळ पाहण्याची गरज उलट वाढली, असा हा प्रकार आहे.

## वंशावळीचे गणित

सॉफ्टवेअर एका कळीवर संकराची सात-आठ पिढ्यांची वंशावळ काढून देते आणि कोणत्या मूळ जातीचा किती टक्के वाटा आहे तेही सांगते. हिशेब सोपा आहे: आई-बाप प्रत्येकी ५० टक्के, आजी-आजोबा प्रत्येकी २५, पणजोबांच्या पिढीतला प्रत्येक जण साडेबारा.

रोथशिल्डियानाचेच उदाहरण घेऊ. १९३१ मध्ये नोंदलेल्या या ग्रेक्सचा एक पालक ‘व्हँडा कोएरुलिया’, म्हणजे खासीच्या डोंगरांत सापडणारा निळा व्हँडा. दुसरा फिलिपिन्समधील मिंडानाओ बेटावरचा ‘व्हँडा सँडेरियाना’, ज्याचे नाव त्याच यादीवाल्या सँडरवरून ठेवले आहे. सँडेरियानाचे फूल मोठे, सपाट आणि भरीव असते. कोएरुलियाचा निळा रंग व त्यावरची जाळी अप्रतिम, पण तिच्या पाकळ्या अरुंद असतात आणि बुडाशी पीळ खातात. रोथशिल्डियानात दोघींचा वाटा निम्मा-निम्मा. तिचा पुन्हा सँडेरियानाशी संकर केला की सँडेरियाना ७५ टक्के आणि कोएरुलिया २५. अशा झाडाच्या फुलात निळा रंग गडद टिकून राहिला आणि पाकळ्याही सपाट आल्या, तर संकर करणाऱ्याचा हेतू साधला, असे परीक्षक म्हणू शकतो. टक्केवारी माहीत नसेल, तर त्याला फक्त एक सुंदर निळे फूल दिसते.

घरी ऑर्किड लावणाऱ्याला हे गणित वेगळ्या कारणाने उपयोगी पडते. कोएरुलिया सुमारे हजार मीटर आणि त्याहून उंच डोंगरांतली, म्हणजे थंड हवेची. मिंडानाओची सँडेरियाना उष्ण सखल भागातली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि रात्रीही गच्ची तापलेलीच असते. कोएरुलियाचा वाटा जितका जास्त, तितके ते झाड बडोद्यात कष्टाचे, असा ढोबळ अंदाज विकत घेण्याआधीच बांधता येतो. माझ्या मते सामान्य माणसासाठी या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि जाहिरातीत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

मात्र ही टक्केवारी सरासरीची असते. सख्ख्या भावंडांपैकी एक आजीवर जातो, दुसरा मामावर, तसेच इथे. त्यातून काही पालक झाडांत गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार संच असतात आणि असे झाड साध्या झाडाशी संकरले, तर संततीत त्याचा वाटा निम्मा न राहता दोन तृतीयांश होतो. सॉफ्टवेअरचा साधा हिशेब हे जाणत नाही. आणि शंभर वर्षांपूर्वी एखाद्या माळ्याने पट्टी चुकीच्या कुंडीत खोचली असेल, तर ती चूक आज संगणकाच्या पडद्यावर दशांश चिन्हासह विराजमान होते.

## परीक्षकाची गरज वेगळी

अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या पद्धतीत फुलाला शंभरपैकी गुण देतात. ७५ ते ७९ गुणांना ‘एचसीसी’ (हायली कमेंडेड सर्टिफिकेट), ८० ते ८९ गुणांना ‘एएम’ (अवॉर्ड ऑफ मेरिट) आणि ९० पासून पुढे ‘एफसीसी’ (फर्स्ट क्लास सर्टिफिकेट) ही प्रमाणपत्रे मिळतात. त्यांतले शेवटचे अत्यंत दुर्मीळ. बक्षीस त्या एका झाडाला मिळते, ग्रेक्सला नाही, आणि ते त्याच्या नावामागे पदवीसारखे कायम लागते. जोपासनेसाठी वेगळे प्रमाणपत्र असते आणि ते झाडाला न मिळता वाढवणाऱ्याला मिळते, ही मला त्या पद्धतीतली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

गुण देताना फुलाची तुलना कशाशी करायची, हा कळीचा प्रश्न. त्या ग्रेक्सच्या आधी गौरवलेल्या झाडांशी आणि आई-बापांशी. म्हणून प्रत्येक बक्षिसाबरोबर फुलांची संख्या, फुलाची आडवी-उभी लांबी, पाकळीची रुंदी आणि रंगाचे शब्दांत केलेले वर्णन नोंदवले जाते. पाच वर्षांपूर्वीच्या बक्षीसपात्र फुलाची आडवी लांबी ९ सेंटीमीटर असेल आणि समोरचे फूल ७ सेंटीमीटरचे असेल, तर त्याला मोठेपणाचे गुण कशाच्या जोरावर द्यायचे? ही माहिती परीक्षकाला टेबलापाशी, काही मिनिटांत हवी असते. कोणत्या झाडाची पुढची पिढी कशी निघाली, हेही त्याला उलट दिशेने शोधता यायला हवे.

छायाचित्रांवर मात्र जपून विसंबावे. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८९७ पासून गौरवलेल्या ऑर्किडची जलरंगातली चित्रे काढून घ्यायला सुरुवात केली. नेली रॉबर्ट्स या चित्रकर्तीने हे काम पन्नासहून अधिक वर्षे केले. तेव्हाच्या कॅमेऱ्याला रंग पकडता येत नव्हता, हे त्यामागचे उघड कारण. आजच्या कॅमेऱ्याला रंग दिसतो, पण निळा-जांभळा हमखास बिघडतो, आणि सकाळच्या उन्हातले फूल व सभागृहाच्या दिव्याखालचे फूल वेगळे दिसते. मोजमाप आणि शब्द नसलेले नुसते छायाचित्र हा कच्चा पुरावा आहे.

## उपलब्ध काय आहे

आधी फुकटचे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे आणि तिच्यात ग्रेक्सच्या नावावरून तसेच आई-बापांवरून शोध घेता येतो. नैसर्गिक जातींची मान्य नावे आणि जुनी नावे पाहण्यासाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ २०१७ पासून आहे. ही दोन्ही स्थळे विश्वासार्ह आहेत, फक्त त्यांची मते काही वेळा जुळत नाहीत, कारण शास्त्रज्ञांनी नाव बदलले तरी नोंदवही ते लगेच उचलतेच असे नाही. ‘ऑर्किडरूट्स’ या आणखी एका फुकट स्थळावर वंशावळ आणि छायाचित्रे दोन्ही मिळतात.

पैसे देऊन घेण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑर्किडविझ’ आणि ‘वाइल्डकॅट’ ही दोन नावे जुन्या जाणत्यांच्या तोंडी वर्षानुवर्षे आहेत. ती आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची असतात. अमेरिकन ऑर्किड सोसायटीची ‘ऑर्किड्स प्लस’ ही वर्गणी भरून इंटरनेटवर वापरायची सेवा आहे आणि तिचा भर बक्षिसांच्या नोंदींवर आहे.

## विकत घेण्याआधीची परीक्षा

यांतले अमुकच घ्या असे मी सांगणार नाही, पण निवडण्याची रीत सांगतो. आपल्या गच्चीवरच्या पाच पट्ट्या उतरवून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी, चाचणीची सोय असेल तिथे विकतच्या सॉफ्टवेअरवरही, त्याच पाच शोधून पाहा.

पहिली पट्टी जुन्या नावाची असावी, म्हणजे ‘अ‍ॅस्कोसेंडा’ किंवा ‘बीएलसी’वाली. ती शोधल्यावर नवे नाव समोर येते का, आणि जुने नाव पुसून न टाकता सोबत दाखवले जाते का? दुसरी जातीच्या जुन्या नावाची: ‘व्हँडा रॉक्सबर्घी’ टंकल्यावर आपली रास्ना, म्हणजे टेसेलाटा, सापडली पाहिजे. तिसरी मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची. कोएरुलियाचे लॅटिन स्पेलिंग निम्म्या पट्ट्यांवर चुकलेले असते. विक्रेतेही चुकतात, आपणही चुकतो. नुसती पहिली चार अक्षरे टाकून यादी मिळते का ते पाहा. चौथी पट्टी अशी असावी की तिच्यावर ग्रेक्सचे नाव नाही, फक्त दोन पालक आहेत. आई-बाप उलटसुलट टाकूनही एकच उत्तर आले पाहिजे. पाचवी अलीकडे नोंदलेल्या संकराची. ती सापडली नाही, तर माहिती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे ते विचारा. नोंदवहीत भर सतत पडत असते, त्यामुळे विकत घेताना मिळालेली माहिती वर्षभरात शिळी होते, आणि पुढच्या भरीचे पैसे वेगळे पडतात का हे आधीच समजलेले बरे.

या पाचांत फुकटची स्थळे बहुतेक घरगुती कामांना पुरी पडतात, असाच अनुभव येईल. अडते ते बक्षिसांच्या मोजमापांपाशी, संततीच्या उलट शोधापाशी आणि अनेक पिढ्यांच्या टक्केवारीपाशी.

इंटरनेटचाही विचार करावा. प्रदर्शनाच्या मांडवात, विशेषतः पत्र्याच्या शेडखाली, मोबाइलचे जाळे ऐनवेळी दगा देते. परीक्षकाने संगणकावर उतरवलेले सॉफ्टवेअर जवळ ठेवावे असे मी म्हणतो ते याचसाठी. घरच्या माणसाला ही अडचण नाही.

शेवटचा मुद्दा सहसा कोणी विचारत नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या झाडांची नोंद ठेवायची सोय असते: केव्हा आणले, केव्हा फुलले, कुंडी केव्हा बदलली. ही माहिती साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते का, याची खात्री करून घ्या. माझ्या चार वर्षांच्या नोंदी एका जुन्या लॅपटॉपबरोबर गेल्या, कारण त्या फक्त त्या एका सॉफ्टवेअरलाच वाचता येत होत्या. ग्रेक्सची वंशावळ जगात दहा ठिकाणी मिळेल. माझ्या गच्चीवरचा डेंड्रोबियम कोणत्या पंधरवड्यात कळ्या धरतो, ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

## “फोनने फोटो काढला की नाव कळतेच ना?”

प्रजाती कळते, पुष्कळदा जातीही कळते. संकराचे नाव कळत नाही. पूर्णपणे वेगळ्या आई-बापांची जांभळी फॅलेनॉप्सिस ऑर्किड शेजारी ठेवली, तर जाणकारालाही ती ओळखता येत नाहीत. चेहऱ्यावरून भाचा मामावर गेला आहे हे समजते, पण त्याच्या घराचा पत्ता चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. पट्टी हरवलेल्या झाडाला छायाचित्राशी जुळवून नाव देणे हा आपल्याकडच्या हौशी मंडळींचा आवडता उद्योग आहे, आणि त्यातूनच खोट्या पट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. अशा झाडाच्या पट्टीवर ‘नाव अज्ञात’ असे लिहिणेच योग्य. फूल त्यामुळे कमी सुंदर होत नाही.

## “परीक्षकाने संगणक पाहूनच गुण द्यायचे, तर डोळे कशाला?”

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. जुन्या नोंदी फक्त टेबलावर आलेल्या झाडांच्या असतात. आपल्या भागातले उत्तम झाड कोणी परीक्षकांपर्यंत नेलेच नाही, तर नोंदीत ते नसते, आणि नोंदी जिथे परीक्षक-केंद्रे जास्त आहेत त्या देशांकडे झुकलेल्या असतात. एखाद्या ग्रेक्सला आजवर बक्षीस नाही, एवढ्यावरून तो सामान्य ठरवणे चूक आहे. पण आधारच नको म्हणणेही बरोबर नाही. मग परीक्षक स्वतःच्या आठवणीशी तुलना करतो, आणि आठवणीतले फूल नेहमीच थोडे मोठे असते.

## “माझ्याकडे बाराच कुंड्या आहेत”

मग पैसे खर्च करू नका. फुकटच्या नोंदवहीची खूण मोबाइलमध्ये करून ठेवा आणि उरलेल्या पैशांत चांगली हिरवी जाळी घ्या. स्वतः संकर करू लागाल, रोपे विकू लागाल किंवा परीक्षणाला झाड न्यायचे ठरवाल, तेव्हा विकतच्या सॉफ्टवेअरचा विचार करा.

बारा कुंड्यांसाठीही एक काम मात्र आजच करता येईल. झाडाबरोबर आलेली पट्टी, तिच्यावरचे नाव आता चालत नसले तरी, काढून फेकू नका. नवी पट्टी करून पुढच्या बाजूला आजचे नाव, मागच्या बाजूला जुने नाव, कोणत्या वर्षी आणले ते आणि पाळण्यातले नाव असल्यास तेही लिहा, आणि जुनी पट्टी तिच्यामागे खोचून ठेवा. लिहायला साधी पेन्सिल घ्या. मार्करची शाई बडोद्याच्या उन्हात एका उन्हाळ्यात उडून जाते.